गोदाबाईचा जबाब

सुवार्ता रणनवरे हिला आपल्या नावाची लाज वाटू लागली ती कॉलेजच्या पहिल्या वर्षात, आणि त्या लाजेचं तिनं तत्त्वज्ञान केलं पुढच्या वीस वर्षांत. हजेरी घेताना प्रत्येक नवे सर तिच्या नावाशी अडखळायचे. "सुवार्ता म्हणजे? बातम्या का?" वर्ग हसायचा. घरी येऊन तिनं तक्रार केली तेव्हा वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "सांगायचं, हो, पण माझ्याकडे फक्त चांगल्याच असतात."

वडील म्हणजे रेव्हरंड शांतवन रणनवरे. पेठेतल्या एका जुन्या दगडी चर्चचे एकतीस वर्षं पाळक. मूळ घराणं नगर जिल्ह्यातलं, पण आता पुण्यात चौथी पिढी. उंच, सडपातळ, आवाज असा की माईक बिघडला तरी कुणाला कळत नसे. सुवार्ताची आई मंदाकिनी जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून बापलेक घोरपडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होते. सुवार्ता एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. लग्न तिनं केलं नाही आणि चर्चला जाणं सव्विसाव्या वर्षी थांबवलं. त्यावरून घरात भांडण असं कधी झालं नाही. रविवारी सकाळी ती वडिलांच्या पांढऱ्या झग्याला इस्त्री करून द्यायची, ते निघायचे, ती दार लावून पेपर तपासत बसायची.

तिचा पीएचडीचा विषय उत्तर-आधुनिक विचार. वडिलांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चष्मा पुसत विचारलं, "उत्तर म्हणजे जबाब?"

"नाही पप्पा. उत्तर म्हणजे नंतरचा. आधुनिकाच्या नंतरचा."

"असं होय. म्हणजे नावात उत्तर आणि आत उत्तर नाही."

"उत्तर एकच असतं हे म्हणणंच चुकीचं आहे, एवढंच त्यात आहे," ती म्हणाली. "सगळ्या जगाला पुरेल अशी एक मोठी गोष्ट सांगणारा माणूस कुणाच्या तरी तोंडावर हात ठेवतो. मग तो राजा असो, पक्ष असो, नाहीतर चर्च."

"हात ठेवतो हे खरं," ते म्हणाले आणि उठून भाजी चिरायला गेले. त्यांची ही सवय होती. वादात हरले की जिंकले हे समोरच्याला कळूच द्यायचे नाहीत.

आता कोंडीरामाविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

कोंडीराम हा शांतवनरावांचा खापरपणजोबा. मोठ्या दुष्काळाच्या सुमाराला त्यानं बाप्तिस्मा घेतला, आणि त्याची साक्ष, म्हणजे आपण ख्रिस्ताकडे कसे आलो याचं त्याच्या तोंडचं निवेदन, मिशनच्या अहवालात छापून आलं. चार पानं. गावच्या ज्या विहिरीला शिवायची त्याला बंदी होती तिच्याच काठावर मिशनच्या साहेबांनी त्याला हाक मारली, आणि त्याच्या हृदयात दिवा लागला, असं त्यात होतं. रणनवऱ्यांच्या चर्चमध्ये दरवर्षी वर्धापनदिनाला ती साक्ष वाचली जायची. शांतवनराव वाचायला उभे राहिले की म्हाताऱ्या बायका पदरानं डोळे पुसायच्या. लहानपणी सुवार्ताही रडायची.

तीन वर्षांपूर्वी एका संस्थेनं मिशनची जुनी दप्तरं संशोधकांसाठी खुली केली. सुवार्तानं उन्हाळ्याची सुट्टी तिथं धुळीत काढली आणि तिला कोंडीरामाची साक्ष सापडली. एक नाही, तीन. पहिली इंग्रजीत, साहेबांच्या हातची, खाडाखोड केलेली. दुसरीत विहीर आली, जी पहिलीत नव्हती. तिसरी मराठीत, कुण्या मुन्शीनं उतरवलेली, आणि तिच्या खाली कोंडीरामाचा अंगठा. सोबत साहेबांचं एक पत्र होतं. त्यात लिहिलं होतं की दुष्काळात दोन मुलं घेऊन हा माणूस प्रथम आमच्या अन्नछत्रावर आला. स्वभावानं अबोल आहे, विचारलं तर मान हलवतो. त्याच्या मनात जे असणार ते मी शब्दांत मांडलं आहे.

सुवार्ताला त्या दिवशी झालेला आनंद संशोधकाचा होता, आणि थोडासा मुलीचाही, हे तिनं पुढे स्वतःशी कबूल केलं. वीस वर्षं जे ती वर्गात सांगत होती त्याचा पुरावा तिच्या स्वतःच्या घराण्यात निघाला होता. तिनं लेख लिहिला. साक्षीमागे कुणी खरा कोंडीराम शोधू नये, तो मिळणार नाही. आहेत ती फक्त कथनं, आणि प्रत्येक कथनामागे ते कथन हवं असलेली कुणीतरी सत्ता, असा तिचा मुद्दा होता. धान्यासाठी धर्म बदलला असं म्हणणारेही कोंडीरामाच्या तोंडी स्वतःचेच शब्द घालतात, हेही तिनं लिहिलं होतं. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात.

इंग्रजी लेख मोजक्या लोकांनी वाचला. मग एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी तो मराठीत मागितला आणि वर मथळा दिला : 'भाकरीसाठी बाप्तिस्मा?' तिनं फोन करून नापसंती सांगितली. संपादक म्हणाले, "अहो, प्रश्नचिन्ह आहे ना." ती हसली आणि सोडून दिलं. मथळा हेही एक वाचनच, असं तिला त्या वेळी वाटलं.

शांतवनरावांनी अंक दोनदा वाचला, हातात पेन्सिल घेऊन. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "चौऱ्याऐंशी पानावर दुष्काळातला 'ष' चुकलाय."

"बाकी?"

"बाकी शुद्धलेखन ठीक आहे."

निवृत्तीनंतरही वर्धापनदिनाला साक्ष तेच वाचायचे, पण त्या वर्षी त्यांनी वाचली नाही. तब्येतीचं कारण सांगितलं.

तेव्हा ते निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. पण घरी बसणं त्यांना मानवलं नव्हतं. हडपसरपलीकडच्या मांजरी गावात एका पिठाच्या गिरणीमागे पत्र्याचा हॉल होता, तो त्यांनी गिरणीवाल्या संतोषशेठकडून रविवार दुपारपुरता घेतला होता. हडपसरहून बस बदलून ते तिथे जायचे. वीस-पंचवीस माणसं जमायची. बांधकामावरचे मजूर, नव्या टॉवरचे वॉचमन, रोपवाटिकेत काम करणाऱ्या बाया. बहुतेक वाशिम, यवतमाळ, बुलढाण्याकडून आलेली. चर्चच्या सभासद वहीत यातल्या फारच थोड्यांची नावं होती. शांतवनराव त्यांना गाणी शिकवायचे, कुणाचा अर्ज लिहून द्यायचे, कुणाच्या पोराला शाळेत घालायला सोबत जायचे, आणि शेवटी दहा मिनिटं प्रार्थना.

त्यात एक गोदाबाई होती. वाशिमकडची, पन्नाशीची, दोन टॉवरमध्ये धुणंभांडी करणारी. तिची मुलगी नम्रता एकोणिसाव्या वर्षी डेंग्यूनं गेली. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात गोदाबाई तीन दिवस भिंतीला टेकून बसली होती. शांतवनराव दुसऱ्याच कुणा पेशंटला भेटायला तिथं गेले होते. ते तिच्याशेजारी बसले आणि तिन्ही दिवस येऊन बसत राहिले. बोलले काहीच नाहीत. चहा आणून द्यायचे. नम्रता गेल्यावर पंधरा दिवसांनी गोदाबाई पत्ता विचारत विचारत गिरणीमागे आली आणि मागच्या सतरंजीवर बसली. तेव्हापासून दर रविवारी यायची. बाप्तिस्म्याचं तिनं कधी विचारलं नाही आणि शांतवनरावांनीही काढलं नाही. घरी तिच्या देव्हाऱ्यात होते ते देव तसेच होते.

सुवार्ता तिला एकदाच भेटली होती, वडिलांना औषध द्यायला गेली तेव्हा. "तुम्ही पाळकसायबाची पोरगी ना? शिकलेल्या दिसता," गोदाबाई म्हणाली होती आणि स्टीलच्या डब्यातला मुरमुऱ्यांचा लाडू पुढे केला होता.

दिवाळी अंकाचं पान फोटो काढून व्हॉट्सअपवर फिरायला लागलं ते डिसेंबरात. मथळ्यातलं प्रश्नचिन्ह कुणीतरी कापलं होतं. खाली लाल अक्षरात ओळ होती : पाळकाच्या मुलीनेच केले सिद्ध. शेवटून दुसरा परिच्छेद त्यात नव्हता. सुवार्ताच्या फोनवर तो एकाच दिवसात सात जणांकडून आला. कॉलेजातली तिची सहकारी आम्रपाली म्हणाली, "खुलासा पाठव संपादकांना."

"पाठवलाय. माझा हेतू तसा नव्हता असं लिहिलंय."

"लेखकाचा हेतू विचारायचा नसतो, हे तू दरवर्षी पहिल्या तासाला सांगतेस," आम्रपाली म्हणाली. चिडवण्यासाठी नव्हे. आम्रपालीचे आजोबा छपन्न साली नागपूरला गेले होते. आपल्या माणसांनी धर्म का बदलला याची उत्तरं इतरांना देत राहणं म्हणजे काय असतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. "मला फक्त एवढंच वाटतं," ती उठता उठता म्हणाली, "की बंदूक साफ करून ठेवताना दार लावून घ्यायला हवं होतंस."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शांतवनरावांना चौकीतून फोन आला. त्यांच्याविरुद्ध तक्रार अर्ज होता. शनिवारी अकरा वाजता या म्हणाले. सुवार्ता रजा टाकून बरोबर गेली.

चौकीत टेबलामागे हवालदार होते आणि बाकावर अर्जदारांच्या वतीनं एक तरुण बसला होता. त्यानं तिला पाहिलं आणि तो उभा राहिला. "मॅडम, नमस्कार. मी राजस. तुमच्या इलेक्टिव्हला होतो, सहा वर्षांपूर्वी."

तिला तो लगेच आठवला. पहिल्या बाकावरचा, सगळं वाचून येणारा. पुढे आयटीत गेला होता. मांजरीत गिरणीसमोरच्या टॉवरमध्ये त्यानं फ्लॅट घेतला होता आणि सोसायटीचा सचिव झाला होता. तिनं त्याला एका निबंधाला वर्गातले सर्वांत जास्त गुण दिले होते.

हवालदारांनी अर्ज वाचून दाखवला. बहुतेक मजकूर सोसायटीचा होता : गर्दी, आवाज, बाहेरच्या लोकांची ये-जा. मग एक वेगळा कागद निघाला. गोदाबाईचा जबाब.

"मी खाली सही करणार, समक्ष लिहून देते की, सदर इसमाने माझ्या कौटुंबिक दुःखाचा गैरफायदा घेऊन, मला विविध आमिषे दाखवून, माझ्या धार्मिक भावनांशी खेळ करून मला धर्मांतरास प्रवृत्त करण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला..."

कागद दोन पानी होता. खाली गोदाबाईची सही होती, नुकतीच अक्षरओळख झालेल्या हाताची सही, 'गो'चा काना वेगळा पडलेला. ती सही तिला शांतवनरावांनीच शिकवली होती.

सुवार्तानं कागद स्वतःकडे ओढला. "ही भाषा गोदाबाईंची नाही," ती म्हणाली. "त्या 'मला'सुद्धा म्हणत नाहीत, 'मले' म्हणतात. हे कुणी लिहिलं?"

"मी," राजस म्हणाला. लपवलं नाही त्यानं. "त्यांना लिहिता येत नाही एवढं. त्यांचा मुलगा योगेश घेऊन आला होता त्यांना. मी विचारलं, त्यांनी मान हलवली, मी मांडलं."

"त्यांनी हे शब्द उच्चारले नाहीत."

"कोंडीरामनं तरी कुठे उच्चारले होते, मॅडम?"

तो हे उर्मटपणे म्हणाला नाही. तेच वाईट होतं. वर्गात शंका विचारायचा त्याच आवाजात, तिच्या उत्तराची खरोखर वाट पाहत तो म्हणाला.

"तो वेगळा... राजस, हे घडलेलं नाहीये. पप्पांनी तिला कसलंही आमिष दाखवलेलं नाही."

"कुणाच्या दृष्टीनं? तुमच्या वडिलांच्या कथनात ती सेवा आहे. आमच्या कथनात ते आमिष आहे. तुम्हीच शिकवलंत, दोन कथनांच्या वर बसून निकाल देणारी तिसरी जागा नसते. मग ज्याच्या हातात लेखणी त्याचं कथन टिकतं. मी फक्त लेखणी हातात घेतली."

"मी असं म्हटलं होतं ते... ज्यांच्या तोंडावर हात ठेवलेला असतो त्यांच्यासाठी म्हटलं होतं."

"आम्हालाही तसंच वाटतं, मॅडम. आमच्याच तोंडावर हात ठेवलाय असं."

हवालदारांनी पेन टेबलावर आपटलं. "तोंडी परीक्षा चालू आहे का इथं? बाबा, तुम्ही बोला. ही बाई खोटं सांगते असं तुमचं म्हणणं आहे का? तसं असेल तर लिहून द्या, तिला बोलावून घेतो समोर."

शांतवनराव इतका वेळ हात मांडीवर ठेवून ऐकत होते. ते म्हणाले, "नाही. तिला समोर आणू नका."

"पप्पा!"

"तिला खोटी ठरवून मला खरं व्हायचं नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखा भरदार येत नव्हता, कोरडा येत होता. "ती माझ्याकडे यायची. मी तिला काही दिलं नाही." मग ते थांबले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस नको तिथे आठवत बसतो. "चहा दिला," ते म्हणाले.

हवालदारांनी लिहून घेतलं : चहापाणी वगैरे देत असल्याचे कबूल केले.

"वगैरे नाही," सुवार्ता म्हणाली.

"लिहायची पद्धत असते, मॅडम," हवालदार म्हणाले.

घरी आल्यावर शांतवनरावांनी चपला जागेवर ठेवल्या, पाणी प्यायले आणि खुर्चीत बसले. दुपारचं ऊन गॅलरीतून त्यांच्या पायांवर आलं होतं. सुवार्ता समोर पलंगावर बसली आणि रडली. वडिलांसमोर ती आई गेल्यानंतर पहिल्यांदाच रडत होती.

"मी चुकले," ती म्हणाली.

"कशात चुकलीस? कोंडीरामाबद्दल तू लिहिलंस ते खरंच आहे. मला माहीत होतं."

तिनं मान वर केली.

"माझी आजी त्याची नात. तिनं त्याला पाहिलेलं. चर्चमध्ये त्याची साक्ष वाचायला लागले की तो उठून बाहेर चिंचेखाली जाऊन बसायचा. आजीनं लहानपणी विचारलं, आबा, बाहेर का आलात? तर म्हणाला, आत वाचतायत तो दुसराच कुणीतरी हाय." शांतवनराव हसल्यासारखं करून थांबले. "हे मला बाराव्या वर्षापासून ठाऊक आहे. तरी जवळपास चाळीस वर्षं मी ती साक्ष वाचली. लोकांना आवडायची. माझा आवाज चांगला लागायचा त्यात. तू छापलंस त्या दिवशी मला राग आला नाही, सुवार्ता. मी पकडला गेलो असं वाटलं."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही? तीन वर्षं मी त्यावर काम करत होते."

"लाज," ते म्हणाले. "दुसरं काय."

खालून भंगारवाल्याची हाक आली आणि लांब गेली.

"पण एक गोष्ट तू चुकीची लिहिलीस. साक्षीच्या मागे कुणी नाही असं तू म्हणालीस. मागे माणूस होता. चिंचेखाली बसलेला. त्याला बोलता येत नव्हतं म्हणून तो नव्हता असं होत नाही. साहेबानं त्याचं तोंड वापरलं, मी वापरलं, आणि तू म्हणालीस तोंडच नव्हतं. आपण तिघांनी मिळून त्याला बाहेर बसवला." ते खिडकीकडे पाहत होते. "आणि आता गोदाबाई."

"तो आत का परत जायचा मग? चिंचेखालून?"

"माहीत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी, भाकर वाटायला लागले की, उठून आत यायचा एवढंच आजी सांगायची. का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यानं मान हलवली असती." त्यांनी पाय उन्हातून मागे घेतले. "मला वाटायचं, मला कळलंय तो का यायचा. सध्या तेही नीटसं वाटत नाही."

त्यांच्या तोंडून असं वाक्य तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. वीस वर्षं तिला तेच ऐकायचं होतं, आणि आता ऐकल्यावर ते परत घ्या म्हणून त्यांचे पाय धरावेत असं तिला वाटलं.

हॉल पुढच्याच आठवड्यात गेला. संतोषशेठ स्वतः घोरपडीला येऊन सांगून गेला. "सायेब, तुमच्याबद्दल आमचं काय बी म्हणणं न्हाय. पन मला बी तिथंच ऱ्हायचं हाय." शांतवनरावांनी त्याला सरबत दिलं. पेठेतल्या चर्चच्या कमिटीनंही कळवलं की प्रकरण निवळेपर्यंत पाळकसाहेबांनी वेदीवर येऊ नये. कळवणारा माणूस त्यांच्याच हातून बाप्तिस्मा झालेला होता. ते दोन रविवार शेवटच्या बाकावर बसले. सुवार्ता सोबत गेली. तिला त्यांना एकटं पाठवावंसं वाटेना. गाणी चालू झाली की सगळे उभे राहायचे, तीही राहायची. तोंड बंद. शेजारी वडिलांचंही तोंड बंद होतं हे तिनं दुसऱ्या रविवारी पाहिलं.

तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "आज राहू दे." त्यानंतर ते गेलेच नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी, सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसले आणि बसल्या जागी गेले. डॉक्टर म्हणाले हृदय, वय, काही सांगता येत नाही. त्यांची शेवटची प्रार्थना कधी झाली होती, झाली होती का, हे सुवार्ताला कळायला मार्ग नव्हता. टेबलावर पवित्र शास्त्राचं पुस्तक, बायबल, बंद होतं आणि त्यावर चष्मा होता. दोन्हींचा अर्थ कसाही लावता आला असता.

दफनाला गर्दी झाली. आधी ज्यांनी फोन उचलले नव्हते तेही आले. नव्या पाळकांनी सांगितलं, कुटुंबातर्फे कुणीतरी दोन शब्दांची साक्ष द्यावी. सुवार्ता उभी राहिली. "माझे वडील लबाड नव्हते," ती म्हणाली. पुढे काय म्हणायचं ते तिनं ठरवलं होतं, कागदही हातात होता, पण पहिल्याच वाक्यावर ती अडकली आणि तेच पुन्हा म्हणाली. "लबाड नव्हते ते. हे खरं आहे." समोरची माणसं माना खाली घालून उभी होती. कुणीतरी तिचा दंड धरून तिला बाजूला घेतलं आणि गाणं सुरू झालं.

एप्रिलमध्ये चौकीतून एका ओळीचं पत्र आलं. चौकशीत तथ्य आढळून आले नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. सुवार्तानं ते राजसला पाठवलं. त्याचं उत्तर तासाभरात आलं. तुमच्या वडिलांबद्दल कळलं, वाईट वाटलं, त्यांचा अनादर करायचा हेतू नव्हता. ती ते वाचत बसली. 'हेतू' या शब्दावर तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती. तिनं उत्तर दिलं नाही. नव्या वर्षाला तिनं इलेक्टिव्ह शिकवायचं नाकारलं आणि तर्कशास्त्राचा पहिल्या वर्षाचा पेपर मागून घेतला. विभागप्रमुखांनी कारण विचारलं, तर म्हणाली, मला जरा सोपं काहीतरी शिकवायचंय.

गोदाबाई मांजरीत राहिली नव्हती. योगेशनं खोली सोडली होती, पुढे कुठे गेले कुणाला नीट माहीत नव्हतं. सुवार्तानं दोन-तीनदा विचारपूस केली आणि सोडून दिली. शोधून तरी काय विचारायचं होतं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती मंडईत गेली होती. लसणाच्या गाळ्यांच्या मागच्या बाजूला बाया पोत्यांवर बसून लसूण निवडत होत्या. त्यातली एक उठून उभी राहिली. आधीपेक्षा वाळलेली, केस बरेच पांढरे झालेले.

"ताई, तुम्ही पाळकसायबाच्या..."

"गोदाबाई."

गोदाबाई बोलू लागली, घाईघाईनं, आजूबाजूला बघत. "मी आता इकडंच असतो, स्वारगेटच्या मागं. माह्यावर राग असन तुमचा. घरमालक म्हने सही नाई केली त खोली खाली करा. सुनेले सातवा महिना. योगेश म्हने आई, एक सही कर, काई होत नाई. मले वाचून नाई दाखवलं, ताई. सायबाचं नाव हाय त्यात हे मले मंग समजलं."

"माहीत आहे मला."

"सायबाले सांगा तुम्ही. मले त्यायच्यासमोर यायची हिंमत नाई व्हत." तिनं पदर तोंडाशी धरला. "कसे आहेत सायब?"

सुवार्ताला वाटलं, म्हणावं बरे आहेत. सोपं होतं, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

"गेले," ती म्हणाली. "फेब्रुवारीत."

गोदाबाई खाली बसली. पोत्यावर नाही, तशीच ओल्या फरशीवर. लसणाच्या साली वाऱ्यानं तिच्या लुगड्याला चिकटत होत्या. ती रडली नाही. मग तिनं वर पाहिलं.

"माह्यामुळं?"

डॉक्टर म्हणाले होते, काही सांगता येत नाही. ते उत्तर प्रामाणिक होतं आणि सुवार्ताच्या जिभेवरही आलं होतं. मग तिला वाटलं सांगावं, तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. पण त्यातही तिला स्वतःचीच गोष्ट मोठी करायची हौस दिसली. ती वाकली आणि गोदाबाईच्या शेजारी बसली.

"नाही," ती म्हणाली.

"खरं?"

"खरं."

गोदाबाईनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तुम्ही सांगता म्हून," ती म्हणाली. "सायबाची पोरगी खोटं नाई बोलनार."

गाळ्यातून कुणीतरी तिच्या नावानं ओरडलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पोत्यावर जाऊन बसली आणि पुढचा गड्डा उचलला. सुवार्ता थोडा वेळ तिथंच बसून राहिली. बाया तिला ओलांडून जात होत्या. एक हमाल म्हणाला, "बाई, रस्ता सोडा." तेव्हा ती उठली.